औषधाचा अंश

आमच्या घरी रोज सकाळी चहाचं मोठं पातेलं चढतं, ते पाव्हण्यारावळ्यांसाठी नाय, बागाईतदारांसाठी. निफाडच्या आसपास कुणाच्या द्राक्षाला डाऊनीचा रोग आला, कुणाचे घड तडकले, की माणूस हातात रोगट पान घेऊन आधी आमच्या ओट्यावर येतो. आमचे हे पान उलटंपालटं करतात, उन्हात धरतात आणि सांगतात, अमुक फवारा, तमुक अजिबात फवारू नका. लोक ऐकतात. मी, त्यांची बायको सुवर्णा, चहा गाळून गाळून मेले. माझं डोकं तापट हाय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी कपाळाला आठ्या घालायला नको.

आम्हाला एकच पोरगी. आरोही. आम्ही आरू म्हणतो. पाचवीची परीक्षा झाली आणि सहावीचा नवा गणवेश घालून बघायला लावला, तर वरचं बटण लागंना. मी म्हणलं, भवाने, सुट्टीत आंबे खाऊन गळा केवढा केलास! आणि बटण ओढायला गेले, तर बोटांना काय लागलं? लाकूड. सूज नाय, गळू नाय, मऊ तर नायच. गळ्याच्या मधोमध आडवं लाकूड बसवल्यावाणी. माझा हात तिथंच राहिला. पोरगी हसत होती, मला गुदगुल्या होतात म्हणत होती.

गावातल्या डॉक्टरनं गलगंड म्हणून सांगितलं, मीठ बदला म्हणला. बदललं. पंधरवडा जायच्या आत आरूला भाकरीचा घास पाण्याबरोबर ढकलावा लागायला लागला. मग ती आडवी झोपंना. उशी भिंतीला लावून बसल्या बसल्या झोपायची, आणि श्वास आत घेताना गळ्यातून आवाज यायचा, शिट्टी अर्धवट वाजावी तसा. तो आवाज ज्या आईनं ऐकला नाय ती नशीबवान. आपण सोता श्वास घ्यायचं विसरून जातो, बाई.

नाशिकला मोठ्या दवाखान्यात गळ्याच्या सर्जन होत्या, मनाली मॅडम. बारीक चणीच्या, बोलायला सरळ. सोनोग्राफी झाली, स्कॅन झालं, गळ्यातला तुकडा काढून तपासायला गेला. तो रिपोर्ट येईस्तोवर आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढला नाय, पण जेवायला बसलं की तो ताटात असायचा. सासूबाई देवापुढून उठायच्या नाहीत. हे बागेत जायचे आणि नुसते वेलीखाली बसून राहायचे.

रिपोर्ट आला. मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. मी तिथंच हात जोडले. "थांबा, पूर्ण ऐका. गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते. आरोहीची ग्रंथी आतून घट्ट, चिवट होत चाललीय आणि शेजारच्या श्वासनळीला चिकटून तिला बाहेरून आवळतेय. मोठ्या माणसांतही हा आजार अगदी क्वचित दिसतो. लहान मुलांत मी तो फक्त पुस्तकात वाचलाय."

"मग काढून टाका की ते," मी म्हणलं.

"सगळं एकमेकाला चिकटलंय. काढायला गेले तर श्वासनळीला, आवाजाच्या नसांना धक्का लागेल. आधी गोळ्यांनी बघू. स्टेरॉइड आहे. सूज उतरेल अशी आशा आहे. तोंड सुजेल, भूक वाढेल, त्याला घाबरू नका. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ही गोळी मनानं एक दिवससुद्धा बंद करायची नाही. कमी करायची ती मी सांगेन तेव्हा, हळूहळू."

मी ऐकलं. ह्यांनीबी ऐकलं. शेजारी शेजारीच बसलो होतो, कानात बोळे नव्हते कुणाच्या.

आणि गोळ्या लागू पडल्या हो! पावसाळा सरता सरता शिट्टी गेली. आरू आडवी झोपायला लागली. ज्या दिवशी तिनं पाण्याशिवाय आख्खी भाकरी खाल्ली, त्या दिवशी सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. गळ्याला हात लावला तर लाकूड बारीक झालेलं. मी मॅडमचा फोटो देव्हाऱ्यात ठेवायचा बाकी ठेवला होता.

पण तोंड. मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. गाल फुगून डोळे आत गेले, हनुवटी गायब झाली, गालावर लव आली. खा खा सुटली. शाळेत पोरं टरबूज म्हणायला लागली. आरू घरी येऊन आरशापुढं उभी राहायची आणि गाल आत ओढून बघायची. मी म्हणायचे, आगं जीव वाचला ना, तोंडाचं काय घेऊन बसलीस, उतरंल. मला त्याचं काय वाटायचं नाय. आवाज बंद झाला होता ना गळ्यातला, बास.

ह्यांना मात्र वाटायचं. पण हा माणूस बोलत नाय. द्राक्षावर विचारा, तासभर बोलंल. घरातलं विचारा, तोंडाला कुलूप. एकदा ओट्यावर आरूची हनुवटी धरून ते तिचं तोंड उजेडाकडं करून बघत होते, अगदी लोकांनी आणलेली पानं बघतात तसं. मी म्हणलं, काय शोधताय? म्हणले, काय नाय.

आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाय. परदेशात जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना तपासायला जातो. मण्यात फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिला, ते बघतात. रेसिड्यू म्हणतात त्याला. तो जास्त निघाला की माल नापास. कितीबी गोड असू द्या, कितीबी टपोरा असू द्या. म्हणून नियम असा, की रोग गेला की औषध थांबवायचं, आणि काढणीच्या आधी इतके दिवस सोडायचे, की अंश आपोआप उतरून जावा. एका वर्षी आमचा प्लॉट नापास झाला होता. एक फवारणी जादा झाली, दुसरं काय नाय. तेव्हापासून आमच्या ह्यांच्या डोक्यात ते असं बसलं, की रोग राहिला एक वेळ चालंल, पण अंश राहायला नको. ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायचे. रोग गेल्यावर औषध मारत राहतो तो शेतकरी नाय, तो भित्रा.

सकाळी मजुरांचे डबे माझ्या मागं असतात, म्हणून आरूला गोळ्या द्यायचं काम ह्यांचं. दूध आणि गोळ्या. दोन पांढऱ्या बारक्या, त्या स्टेरॉइडच्या, आणि एक मोठी कॅल्शियमची. मी चुलीपुढून बघायचे, पोरगी तोंड वाकडं करून गिळतीय. मला बरं वाटायचं. बाप लेकीला सोताच्या हातानं औषध देतोय, अजून काय पाहिजे?

दिवाळी झाली आणि आरूचं तोंड उतरायला लागलं. गाल बसले, डोळे दिसायला लागले. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, सुवर्णा, पोरगी मूळ रूपावर आली गं! मी आनंदानं वेडी. हेबी त्या दिवसांत शीळ घालत बागेत जायचे. आरूबी खूश. बापलेकीचं काहीतरी गुपित हाय, एवढं मला दिसायचं. मला वाटलं, सायकल घेणार असतील.

मग ती मलूल व्हायला लागली. सकाळी उठंना. पाय दुखतात म्हणायची. दोनदा उलटी झाली. थंडी पडली होती, अर्धं गाव खोकत होतं. मी काढा दिला, अंगाला तेल चोळलं. तेल चोळताना गळ्यावरून हात फिरला आणि मी हात मागं घेतला. पुन्हा लावला. अगं आई गं. ते परत आलं होतं. लाकूड नाय, दगड.

"अहो!" मी ओरडले. "अहो, इकडं या! गळा बघा हिचा!"

हे आले, गळ्याला हात लावला, आणि त्यांचं तोंड एकदम राखेवाणी झालं. मला वाटलं, बापच तो, घाबरला. मी म्हणलं, उद्या सकाळी पहिलं काम, नाशिक. ते म्हणले, हो.

पण सकाळी आवरून निघायलाबी वेळ मिळाला नाय. मी चूल पेटवत होते आणि आतल्या खोलीतून ती शिट्टी ऐकू आली. आधीपेक्षा मोठी, चिरकी. धावत गेले तर आरू गुडघ्यावर हात टेकून पुढं वाकून बसली होती. गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठांचा रंग गेला होता. माझ्याकडं बघितलं तिनं, आणि तिला बोलता येईना. नुसते डोळे.

आमची पिकअप होती. मागं रिकामे क्रेट खडखडत होते, ते काढायला कुणाला सुचणार? पुढं तिघं बसलो. आरूनं दोन्ही हात समोरच्या पत्र्यावर टेकले आणि वाकून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दाबायची हिंमत होईना, उचलायचीबी होईना. चांदोरी गेली, शिलापूर गेलं. मी प्रत्येक आवाज ऐकत होते. एक शिट्टी गेली की पुढची येईस्तोवर माझं सगळं अंग कान व्हायचं. येती का? आली. आता येती का? आली. मी मनात देवांची नावं घ्यायला लागले आणि कुठलंच पुरतं आठवंना.

आणि नाशकात शिरताना द्वारकाच्या चौकात अडकलो. पुलाखाली बस, ट्रक, रिक्षा, सगळे एकमेकाच्या अंगावर चढलेले, आणि सगळे हॉर्न वाजवतात. त्या हॉर्नांत मला आरूचा श्वास ऐकू येईना! मी वेडी झाले. दार उघडून खाली उतरले आणि पुढं आडव्या लागलेल्या रिक्षावर थाडथाड हात मारले.

"ए भाऊ! डोळं फुटलं का तुझं? माझी पोरगी गुदमरतीय आत! काढ ती रिक्षा, नायतर पेटवून देईन!"

रिक्षावाला शिवी द्यायला बाहेर वाकला, पण त्याची नजर आमच्या गाडीत गेली. आरू दिसली त्याला. शिवी त्याच्या तोंडातच राहिली. रिक्षा फूटपाथवर चढवून तो खाली उतरला आणि सोता पुढं पळायला लागला, ट्रकच्या दारांवर थापा मारत, पेशंट हाय, पेशंट हाय म्हणून ओरडत. मग पोलिसाची शिट्टी वाजली, एक बस मागं सरली, आणि वाट झाली. त्या रिक्षावाल्याचं नाव मला ठाऊक नाय. देव त्याचं भलं करो.

दवाखान्यात मॅडमनी आरूला एकदा बघितलं आणि सगळी पळापळ सुरू झाली. तोंडाला ऑक्सिजन, बोटाला चिमटा, हाताला सुई. मला बाहेर काढत होते, मी गेले नाय. मॅडम गळा चाचपत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, एवढ्या थंडीत.

"गोळ्या रोज चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"रोज, मॅडम," मी म्हणलं. "एक दिवस खाडा नाय. हे सोताच्या हातानं देतात, दुधाबरोबर."

हे माझ्या मागं उभे होते.

मॅडमनी एक उसासा टाकला. "म्हणजे औषधाचा उपयोग थांबला. मग आता वाट बघता येत नाही. श्वासनळीवर जो घट्ट पट्टा बसलाय तो कापून नळी मोकळी करावी लागेल. मी खोटं बोलत नाही, धोका मोठा आहे. भूल देताना नळी आत गेली नाही, तर गळ्याला छेद द्यावा लागतो, आणि हिच्या गळ्यावर तर छेद द्यायला मऊ जागाच उरलेली नाही. पण दुसरा रस्ता नाही. इथं सही करा."

कागद पुढं आला. मला अक्षरं दिसंनात. ह्यांनी पेन घेतलं, हात कागदावर टेकला, आणि तिथंच राहिला. मी म्हणलं, "करा ना! काय वाचताय? करा सही!"

"मॅडम," हे म्हणले. आवाज असा, की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. "ती पांढरी गोळी बंद हाय."

मॅडमनी मान वर केली. "काय?"

"दिवाळीपासून बंद हाय. फक्त कॅल्शियमची देत होतो."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाय. मीच केली." आणि मग एकदम बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. "सूज गेली होती, मॅडम. रोग गेल्यावर औषध थांबवायचं असतं. नायतर अंश साठतो. तुम्ही तिचं तोंड बघितलं होतं ना? तो अंशच होता अंगात. तो उतरावा म्हणून मी... उतरलाबी होता. तोंड चांगलं झालं होतं तिचं."

मॅडम रागावतील, थोबाडीत मारतील, असं मला वाटलं. पण त्या वळल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, "स्टेरॉइडचं इंजेक्शन भरा. आत्ता, शिरेतून. मोठा डोस. सलाईन जोरात सोडा, आणि बीपी मला दर मिनिटाला सांगा." मग आमच्याकडं न बघताच बोलल्या, "औषध हरलेलं नाही. औषध मिळालेलंच नाही. ही गोळी महिनोन्‌महिने घेतली, की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम काढून घेतली, की आत काहीच उरत नाही. त्यात मी हिला औषध हरलंय असं समजून कापायला घेत होते. कशाला कापतेय हेच मला माहीत नव्हतं."

पेन त्यांनी ह्यांच्या हातातून काढून घेतलं. ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगितली, पण थांबायचं ठरलं. आधी इंजेक्शन काय करतं ते बघायचं.

मी ह्यांना दंडाला धरून बाहेर बोळात आणलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, उखाण्याशिवाय. आमच्यात काढत नाहीत.

"समाधान!" मी ओरडले. अख्खा बोळ वळून बघायला लागला. "अरे समाधान, ती वेल हाय का रे? घड हाय का माझी पोरगी, तपासायला पाठवायचा? तुला कोण विचारत होतं तिचं तोंड कसं दिसतं? टरबूज तर टरबूज! मला टरबूज चालत होती! जिती चालत होती!"

ते खाली बसले. फरशीवर, भिंतीला पाठ लावून.

"आणि तिलाबी शिकवलंस? आईला सांगू नको म्हणून?"

"ती खूश होती," ते म्हणले. "म्हणाली, पप्पा, नक्की उतरंल ना?"

"आणि काल? काल गळा दगड झाला तेव्हा? आत्ता मॅडमपुढं मी रोज रोज म्हणत होते, तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं? मॅडम कापायला घेणार होत्या रे!"

मला अजून खूप बोलायचं होतं, पण आतून सिस्टरनं हाक मारली, आईला बोलवा म्हणून, आणि मी त्यांना तिथंच सोडून आत पळाले.

आरू अर्धवट बसवलेली होती, उशांना टेकून. मॅडमनी मला तिच्याजवळ बसायला सांगितलं, म्हणजे ती शांत राहील. "हा आवाज ऐकत राहा," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे. आवाज कमी झाला तर लगेच हाक मारा."

"कमी झाला म्हणजे चांगलंच ना, मॅडम?"

"दोन्ही असू शकतं. सूज उतरली तरी कमी होतो, आणि मूल थकून गेलं तरी कमी होतो."

हे ऐकून माझं काय झालं असंल, तुम्हीच सांगा. दुपारभर मी त्या शिट्टीला धरून बसले. सकाळपासून जो आवाज बंद व्हावा म्हणून देवाला मागत होते, तोच आता बंद होऊ नको म्हणून मागायला लागले. राहा रे बाबा, वाजत राहा. पुन्हा मनात यायचं, कमी हो रे. काय मागावं तेच कळंना. आरूचा हात माझ्या हातात होता, गार आणि ओला. ती डोळे मिटायची, मी तिला हलवायचे, ती डोळे उघडायची. दाराच्या काचेतून ह्यांचं डोकं दिसत होतं. आत यायची त्यांची छाती होत नव्हती.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा आवाज बारीक झाला. मला आधी वाटलं, भास. कान तिच्या तोंडाजवळ नेला. बारीकच. अजून बारीक. मग येईचना. आरूची मान एका बाजूला कलंडली.

"मॅडम!" मी अशी किंचाळले, की दारातून हेच आधी आत आले. "मॅडम, गेली! माझी आरू गेली!"

मॅडम धावत आल्या. आरूच्या छातीवर हात, बोटाच्या चिमट्यावर नजर, गळ्याला ती कानात घालायची नळी. मी ह्यांचा सदरा मुठीत धरून उभी होते, कधी धरला ते मला ठाऊक नाय. मॅडमनी कानातली नळी काढली. पाठ सरळ केली.

"झोपलीय," त्या म्हणाल्या. "थकली नाहीये. झोपलीय. हवा आत जातेय. बघा, गळ्याची खळगी ओढली जात नाही."

मी बघितलं. खरंच नव्हती ओढली जात. छाती नुसती वर-खाली होत होती, आवाज न करता, सगळ्या पोरांची होते तशी. मी खाली बसले आणि रडले, आणि मॅडमचे पाय धरले, आणि त्यांनी मला उठवलं. हे तिथं दाराशी उभे राहून हमसून हमसून रडत होते. मला त्यांची कीव आली नाय. खोटं कशाला सांगू?

पुढचे बरेच दिवस दवाखान्यात गेले. कापायची वेळ आली नाय. दुसरं एक औषध जोडलं. आरू घरी आली, तोंड पुन्हा फुगलं, पोरांनी पुन्हा टरबूज म्हणलं. या वेळी तिनं एकाला दप्तर फेकून मारलं. गोळ्या माझ्या ताब्यात. माझ्या कपाटात, माझ्या साड्यांच्या मागं, किल्ली माझ्या कमरेला. ह्यांनी गोळ्यांना हात लावायचा नाय, आणि त्यांनी लावलाबी नाय. ओट्यावर कुणी पान घेऊन आलं, तर आता म्हणतात, कृषी अधिकाऱ्याला दाखव बाबा, मला काय कळतं? आमच्यात मिठापिठापुरतं बोलणं उरलं होतं.

काढणी सुरू झाली तेव्हा मॅडमनी आरूला तपासलं. गळा मऊ होता. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. त्या हसल्या. "आता कमी करायला सुरुवात करू. उद्यापासून दोनऐवजी दीड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी पाटावर गोळी ठेवली आणि सुरी घेतली. मधोमध रेघ असते, तिच्यावर सुरी टेकवायची, बास. पण सुरी टेकंना. सुरी घसरली आणि गोळी उडून खाली पडली. उचलली. फुंकली. पुन्हा ठेवली. मनात म्हणलं, मॅडमना काय कळतंय, त्यांनी पुस्तकातच वाचलाय हा आजार. राहू दे दोन. अजून एक आठवडा राहू दे. जादा गेली तर काय होतंय? तोंडच सुजंल ना.

दारात हे उभे होते. किती वेळचे, देव जाणे.

"मॅडमनी दीड सांगितलीय," ते हळूच म्हणले.

"तुम्ही बोलू नका," मी म्हणलं. "तुम्ही गोळ्यांवर एक शब्द बोलायचा नाय."

"बरं. पण दीड सांगितलीय."

"मला ऐकू येतंय! दोन दिल्या तर काय मरणार नाय ती!"

तेवढ्यात आरू आली, दप्तर पाठीला. तिनं माझ्याकडं बघितलं, सुरीकडं बघितलं. "आई, गाडी येईल ना!" म्हणली, पाटावरची गोळी उचलली, दोन्ही अंगठ्यांनी रेघेवर कटकन मोडली, अर्धी तिथंच टाकली, दुसरी अर्धी आणि पाकिटातली एक तोंडात टाकून दूध ढोसलं, तोंड पुसलं आणि गेली. मी अडवायच्या आत झालं सगळं.

पाटावर ती अर्धी गोळी राहिली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत उभे राहिलो.

"सुवर्णा," हे म्हणले, "दिवाळीच्या आधी मला लय भीती वाटायची गं. तिच्या तोंडाकडं बघितलं, की वाटायचं, ही माझी पोरगीच नाय, दुसरीच कुणी हाय. अंश, रेसिड्यू, ते सगळं मी नंतर जुळवलं. आधी नुसती भीती होती."

एवढ्या वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला खूप बोलायचं होतं. द्वारकाच्या पुलाखालचं बोलायचं होतं, त्या दुपारचं बोलायचं होतं. पण सुरी अजून माझ्या हातात होती आणि ती मला खाली ठेववंना.

"मला आत्ता वाटतीय," मी म्हणलं.

त्यांनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि खाली ठेवली. मग संध्याकाळी आरूची शाळा सुटेपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर तिची वाट बघत बसलो, कामाला गेलो नाय.